डावी नाकपुडी

चि. चिमीस, दादाचे आशीर्वाद.

तू खुशाल असशीलच. दुसऱ्याला भूल देऊन झोपवायचं आणि आपण उशाशी जागं बसायचं, हा आपल्या दोघांचा धंदा. त्यात आजारी पडायला सवड कुठे? मी मात्र पडलो, तेही दवाखान्याच्या जिन्यावरून, आणि जबडा दोन ठिकाणी मोडून घेतला. तोंड बोटभर उघडतं, म्हणून फोनऐवजी पत्र. (तुझी वहिनी म्हणते, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच.)

गुरुवारी ऑपरेशन. वरचे-खालचे दात जुळवून तारेने बांधणार, म्हणजे श्वासाची नळी तोंडातून घालायची सोय नाही, ती नाकातूनच जाणार. एवढं दारावरच्या रखवालदारालाही कळतं. आता मला भूल देणाऱ्या शहाण्याची अक्कल ऐक. काल तपासायला आला. बूट चकचकीत, घशात बघायची दुर्बीण नवी कोरी. म्हणाला, आ करा. जबडा मोडलेल्या माणसाला! मी वहीत लिहून दाखवलं की जमत असतं तर इथे कशाला आलो असतो. त्याने ते शांतपणे वाचलं आणि कागदावर 'सहकार्य कमी' असं टिपलं. मग दात मोजले, मान वर-खाली केली, मधुमेहाची चौकशी केली (जो मला नाही), आणि ठरवून टाकलं की नळी डाव्या नाकपुडीतून. नाकाला बोटसुद्धा लावलं नाही. नाकाखाली आरसा धरून वाफ कुठल्या बाजूची येते ते बघायला असा किती वेळ लागतो? पण आरसा पडला जुना, आणि याच्याकडे यंत्र. सर्जन माझा तीस वर्षांचा मित्र, तो शेजारी उभा राहून म्हणतो, पोरगा हुशार आहे. त्याला काय, नळी त्याच्या हाताच्या आड आली नाही म्हणजे झालं; मी कानाने श्वास घेतला तरी त्याची हरकत नाही.

असो. मुलांना गोड पापा.

तुझा, तूर्त मुका,
दादा

ता. क. लहानपणी तू बॅट फिरवलीस तेव्हापासून माझी डावी नाकपुडी बंदच आहे, हे जगात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. बुधवारी ये आणि गुरुवारी उजवीकडून नळी तूच घाल.

पुन्हा ता. क. येताना तुझा आरसा आण, आणि उशाशी ठेवायला तार कापायची पक्कडही; बांधल्या तोंडी उलटी झाली तर दात झटकन सोडवायला हवेत. हो, ज्यांना मी चारचौघांत हसलो होतो, तीच दोन्ही.

आणखी एक. तो पोरगा माझाच विद्यार्थी. 'नाक बघत बसू नकोस, घाल डावीकडून' हे माझंच वाक्य त्याच्या वहीत अधोरेखित आहे. मला भीती वाटते गं. नक्की ये.