आठवडाभर टिकलेलं फूल

५ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण, आमच्याकडे घात झालाय. आमचे हे निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच त्यांना कामाचा उमाळा आलाय. आधी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग गेल्या आठवड्यात मी दाताच्या डॉक्टरकडे गेले तेवढ्यात बागेत उतरले आणि गवत माजलंय म्हणत आईची केशरी लिली मुळासकट उपटली. पानं गवतासारखी दिसतात खरी, पण म्हणून काय डोळे गहाण टाकायचे? वर कचऱ्याच्या गाडीत घालून मोकळे! मी आले तर घाम पुसत शाबासकीची वाट बघत उभे.

आठ दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही. चहा झालाय हेसुद्धा भिंतीला सांगते. बिचारे दबकत वावरतात, पण मी तरी काय करू? आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. बागवाल्या मैत्रिणींनी किती मागितली, पण आईची वस्तू वाटायची कशी, म्हणून कुणाला फुटवा दिला नाही. एकट्या तुला दिली, सहा वर्षांपूर्वी, कारण तू घरची. नशीब माझं! गेल्या उन्हाळ्यात तर चौदा फुलं आली म्हणून लिहिलं होतंस. त्यातला एकच फुटवा पाठव. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बुटाच्या खोक्यात घाल.

लोभ आहेच, तो या वेळी मुळासकट यावा.

तुझी,
वन्सं

१६ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. आता एका दमात सांगते, नाहीतर पुन्हा थाप मारीन.

तुमची लिली माझ्याकडे नाही. कुंडीत लावली, महिनाभरात पानं पिवळी पडली, मेली समजून मी ती कुंपणाबाहेर कचऱ्यात टाकली. तेवढ्यात तुमचं पत्र आलं, फूल आलं का म्हणून. इतक्या मायेनं विचारलंत, नाही म्हणायला जीभ रेटेना. आलं, आठवडाभर फुलदाणीत टवटवीत होतं, असं ठोकून दिलं. मग काय, दरवर्षी दोनतीन फुलं वाढवत गेले.

याहून वाईट ऐका. परवा रोपवाटिकेतून केशरी लिली विकत आणली. हीच आईंची म्हणून पाठवणार होते! फाटकात शेजारच्या शिवणकामवाल्या बाई भेटल्या. हातातलं रोप बघून हसल्या आणि म्हणाल्या, विकत कशाला आणलीत, सहा वर्षांपूर्वी तुम्हीच टाकलेली उचलून लावली, आता माझ्या अंगणात तिची रांग आहे. मी सगळं सांगितलं तर त्यांनी सुई खोचून ठेवली नि खुरपं घेऊन उठल्याच. मागेल त्याला त्या फुटवे देतात. टपालवाल्याच्या दारातही आईंचीच लिली आहे, वन्सं, आणि मी रोज तिच्यासमोरून जाते!

सहा फुटवे पाठवतेय. चार तुम्हाला, दोन पुढे कुणाला तरी द्यायचे, अशी बाईंची अट आहे. रागावलात तर खुशाल रागवा, पण पत्र बंद करू नका. माझी तेवढीच भीती आहे.

अपराध पोटात घालून माया तशीच ठेवावी.

तुमची,
वहिनी

२५ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. पानं सुकली होती, मुळं ठणठणीत.

अगं वेडे, मला पहिल्या वर्षीच कळलं होतं! या लिलीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. एकच दिवस. आणि तुझं म्हणे आठवडाभर टवटवीत! मी तेव्हा हसले आणि गप्प बसले. माझं मन राखायला कुणी दरवर्षी फुलं मोजून लिहितंय, तिला खोटं कशाला पाडायचं? मग मागितली कशाला म्हणशील, तर बुडत्याला काडीचा आधार. वाटलं, निदान मूळ तरी असेल.

पत्र वाचून इतकी हसले की ह्यांनी दारातून विचारलं, काय झालं. आणि अबोला विसरून मी सगळं सांगून बसले. नंतर लक्षात आलं! आता एकानं उपटली, एकीनं फेकली. तुला माफ करायचं आणि ह्यांना नाही, हे कसं चालेल? खड्डे त्यांनीच खणले. कडेला पाटी लावलीय, गवत नाही, हात लावू नये. अक्षर त्यांचंच.

बाईंना माझा नमस्कार सांग. मी मुठीत धरून ठेवली ती एका दुपारीत गेली, त्यांनी वाटली म्हणून मला परत मिळाली. दोनऐवजी तीन फुटवे मैत्रिणींना दिले.

तुझी,
वन्सं

९ जून

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

आज पहिलं फूल आलं. हे सकाळपासून खुर्ची टाकून राखणीला बसले होते, जेवणही तिथेच घेतलं. तिघी मैत्रिणी बघायला आल्या. आईचाच केशरी रंग गं, मला रडूच आलं.

आत्ता दिवेलागणीला मिटलं. तुझ्या फुलापेक्षा सहा दिवस कमी टिकलं.

तुझीच,
वन्सं