फोर्ड उर्फ किनॉ

मी, अट्रॅक्टा मेरी फोर्ड, खाणकामगार ह्यू फोर्ड यांची थोरली मुलगी, वय एकोणऐंशी, अविवाहित, निवृत्त टपालवाली, राहणार ड्रमकोरा, ॲलन सरोवराचा पश्चिम काठ, परगणा लीट्रिम, आयर्लंड, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत; परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे माझ्या वकीलबाई फिनोला मॅकमॉरो यांचे मत पडले. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्ही मी रागाच्या भरात केली होती. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

एक. माझी टपालाची सायकल गावच्या टपालकचेरीला द्यावी. अडतीस वर्षे मी तिच्यावरून पाकिटे वाटली आणि आडनावे वाचली. या सरोवराभोवतीचे असे एकही घर नाही ज्याच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नाही. लोहाराचे, न्यायाधीशाचे, वैद्याचे वंशज माझ्याकडून वीजबिले घेत आणि आपण कोण ते त्यांना माहीत नसे. मी फाटकाशी उभी राहून सांगे. काहींना राग येई, बहुतेकांना चहा करावासा वाटे.

दोन. माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ मात्र मला चौसष्ट वर्षे ठाऊक नव्हता. गावचे शाळामास्तर यूजीन गिलरेन यांनी १९८९ साली गावाचा इतिहास छापला. त्यात बाविसाव्या पानावर लिहिले, 'फोर्ड मंडळी ही इंग्रज शिपायांची पिलावळ असावी.' तेव्हा माझे वडील हयात होते. अरिग्नाच्या खाणीत पोटावर आडवे होऊन कोळसा फोडलेला हा माणूस. पुढच्याच रविवारी फुटबॉलच्या मैदानावर कोणीतरी ओरडले, "ह्यू, इंग्लंडची बोट चुकली काय रे?" वडील हसले नाहीत, भांडलेही नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "पोरी, आपण कुठले गं?" मला सांगता आले नाही. चार वर्षांनी ते गेले, तेव्हाही आले नव्हते.

मास्तरही आता गेले. त्यांच्या पुस्तकाची माझी प्रत, माझ्या लाल शाईतल्या एकसष्ट दुरुस्त्यांसह, त्यांचे चिरंजीव डेक्लन यांना द्यावी. बाविसावे पान उघडून द्यावे.

तीन. माझ्या वह्या, वंशावळी आणि जुन्या नोंदींच्या प्रती (चौदा खोकी) परगण्याच्या ग्रंथालयाला द्याव्यात. एकोणीस वर्षे सुटीच्या दिवशी मी बसने डब्लिनच्या राष्ट्रीय वाचनालयात जात होते. २००९ साली एका पडक्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, लॅटिनमध्ये, एका पाद्र्याच्या गिचमिड अक्षरात मला सापडले: १८३६, बालक पीटर, बाप 'ओवेन फोर्ड उर्फ किनॉ'. ओवेन माझे खापरपणजोबा. किनॉ म्हणजे मॅक कॉनह्नावा, याच काठावरचे जुने सरदारकूळ. अर्थ, पोहणाऱ्या शिकारी कुत्र्याचा पुत्र. आमच्या आयरिश भाषेत शूराला शिकारी कुत्रा म्हणतात, हे लक्षात ठेवावे. नावांची इंग्रजी झाली तेव्हा नावाचा शेवट कोणीतरी उताराचा, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागेचा समजले आणि अशा उताराला इंग्रजीत फोर्ड म्हणतात म्हणून आम्हाला फोर्ड केले. एका चुकीच्या भाषांतराने आमचे घराणे पुसले होते. त्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर बसून मी घरून आणलेले हॅमचे सँडविच खाल्ले. तसे जेवण मी पुन्हा जेवले नाही.

चार. माझा धाकटा भाऊ मालाकी याच्याविषयी. २०१० साली वडिलांच्या थडग्यावर खरे नाव कोरायला मी पाथरवट घेऊन गेले. मालाकी आधीच थडग्यावर बसलेला होता, मांडीवर चहाचा थर्मास.

"ऊठ," मी म्हटले.

"नाही उठत. बाप फोर्ड म्हणून खाणीत उतरला, फोर्ड म्हणून वर आला. तू कोण त्याचं नाव पुसणारी?"

"पुसत नाही रे, परत देतेय."

"त्यानं मागितलं होतं का, ताई?"

संध्याकाळपर्यंत तो हलला नाही. पाथरवट कंटाळून गेला. त्यानंतर दोन वर्षे आम्ही बोललो नाही. माझे दुसरे मृत्युपत्र त्या काळातले.

२०१२ साली गावाच्या सभागृहात मी माझा शोध मांडला. सत्तर माणसे असतील. मास्तर पहिल्या रांगेत होते. ते उठून म्हणाले, "अट्रॅक्टाबाई, टपाल वाटणं निराळं आणि इतिहास निराळा. एका पाद्र्यानं एक शब्द खरडला म्हणून तुम्ही सरदारकन्या झालात होय?" लोक हसले. वडिलांचा तो रविवार डोळ्यांपुढे आला.

मागे खुर्ची सरकली. मालाकी उभा होता. तो येईल असे मला वाटलेच नव्हते.

"मास्तर, आमची आजी वारली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिच्या उशाशीच होतो. पाद्र्यानं नाव विचारलं तर ती म्हणाली, मी किनॉंची सून. आमच्या आईला वाटलं, म्हातारी बरळतेय. ती बरळत नव्हती. आता बसा खाली."

मास्तर बसले. बाहेर आल्यावर मी त्याला विचारले, "मेल्या, हे दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू नुसती सांगत होतीस."

हे खरे होते. म्हणून लिहिते की वडिलांच्या दगडाला कोणीही हात लावू नये, एक अक्षर वाढवू नये. माझ्या दगडावर मात्र आयरिश नाव असावे, दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. सरोवराकडचे शेत आणि आजीचे घड्याळ मालाकीला द्यावे. घड्याळ दहा मिनिटे मागे आहे, त्याने दुरुस्तीच्या फंदात पडू नये.

पाच. घर मी मालाकीची मुलगी डर्व्हला हिला देते. पहिल्या मृत्युपत्रात अट होती की जुने आडनाव लावील त्यालाच घर मिळेल. मी ती तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, घरासाठी लावलेलं नाव चालेल तुला? मी नाही लावणार. पण मला एक सांग, पोहणाऱ्या कुत्र्याच्या घराण्यातली तू, आणि तुला पोहता येत नाही?"

सरोवराच्या काठी पासष्ट वर्षे राहून मी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेले नव्हते. त्या उन्हाळ्यात डर्व्हलाने रोज सकाळी मला पाण्यात नेले, हनुवटीखाली हात धरला, माझ्या शिव्या खाल्ल्या. ऑगस्टच्या शेवटी तिने हात काढून घेतला आणि मला ते कळलेही नाही. काठावरच्या खडकापर्यंत मी एकटी पोहत गेले. ओवेनपासून ह्यूपर्यंत सगळ्यांची नावे मी त्या खडकावर बसून मोठ्याने घेतली. थंडीने दात वाजत होते, तरी एकही चुकले नाही. घर बिनशर्त तिचे आहे.

सहा. वकीलबाई म्हणतात, कायद्याच्या कागदावर फोर्ड लिहिणे भाग आहे. लिहिते. त्याशेजारी दुसरेही लिहिते; बाईच्या नावात मॅकचे निक होते. दोन्ही माझीच आहेत.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही करते आहे. मालाकीला वाटा मिळत असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. तो दाराबाहेर उभा राहून शुद्धलेखन सांगतो आहे.

(सही) अट्रॅक्टा मेरी फोर्ड
(सही) अट्रॅक्टा निक कॉनह्नावा

साक्षीदार: टेरेन्स मॅकगूर्न, मेंढपाळ, ड्रमकोरा (लोहारांचा वंशज नाही, कितीही म्हणाला तरी)
साक्षीदार: जोसी फ्लिन, पाववाली, ड्रमकोरा

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, ड्रमकोरा
दिनांक: १४ सप्टेंबर २०२४