उंचावर जुळवलेली जोडी

प्रिय योसेलिन,

हे अक्षर माझं नाही हे तू पहिल्याच ओळीत ओळखशील, कारण मुळात मला अक्षरच नाही. अक्षर तुझ्या रुफिनोकाकाचं आहे. त्याला मी बजावून ठेवलंय, मी बोलेन तेवढंच लिहायचं, मधे आपलं शहाणपण घुसडायचं नाही. तो आत्ता मान डोलावतोय, पण त्याच्या मान डोलावण्याला किती अर्थ असतो ते तुला ठाऊक आहे. बाजार उठलाय. त्याने आपल्या जुन्या मदरबोर्डांवर ताडपत्री ओढली आणि माझ्या पातेल्याच्या तळाला उरलेले गरम आपीचे चार घोट त्याला लिहिण्याची मजुरी म्हणून दिलेत. फोन का नाही केला म्हणशील. बाई, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी हॅलो म्हणते, तू रडायला लागतेस, मग "आजी, रेंज जातेय" म्हणून ठेवून देतेस. रेंज जात नाही, तुझा धीर जातो. पत्राला असं मधेच ठेवता येत नाही. आणि ठेवलंस तरी ते तिथेच पडून तुझ्याकडे बघत राहील.

पुडकं आधी उघडलं असशीलच, दम कुठे आहे तुला. आत माझ्या जुन्या घागऱ्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तुझ्या कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्यांची जोडी आहे. तू ती रुफिनोला पाठवून निरोप दिलास, "काका, विकून टाका, मी घरी येतेय, आजीबरोबर आपी विकायला बसेन." विकलेली नाही. तुझ्या काकाने ती आपल्या मशीनमध्ये लावली आणि अख्खा बाजारदिवस परीक्षा चालू ठेवली, तू तिला घालून दिलेले सगळे आकडे जसेच्या तसे ठेवून. एकदाही चुकली नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, दोघीही ठणठणीत आहेत." मी म्हटलं, मग पोरगी कशाला सुतक पाळतेय?

तिथे खाली मोंतेरोला त्या हॉलमध्ये काय झालं ते तू हुंदक्यांतून सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळाचा सामना रंगात आलेला, तुमची पोरं जिंकत आलेली, आणि तू जुळवलेलं मशीन भर गर्दीत गोठलं, पडदा निळा झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. मग तो तुमच्या संघाचा कप्तान, तोंडाने सैल, म्हणाला म्हणे, "डोंगरातली पोरगी आणि डोंगरातलं मशीन, दोघांना इथली हवा सोसत नाही." सगळे हसले. हसणारच. खालची माणसं आपल्याला हसतात, आपण त्यांना हसतो, माणसांना दुसरं काम काय आहे? पण तुझ्या दुकानाच्या मालकीण नेलिदाबाई हसल्या नाहीत, हे तूच सांगितलंस. त्या म्हणाल्या, "आकडे सैल कर आणि सोमवारी कामावर ये, कार्निव्हलनंतर परत सामना आहे." तुला कुणी काढलेलं नाही. तू स्वतःलाच काढायला निघाली आहेस, आणि वर माझं नाव पुढे करतेस, की आजी एकटी आहे.

आजी एकटी नाही. आजीच्या मागे रुफिनो आहे, दुर्दैवाने. समोर ती सालतेन्यांच्या गरम करंज्या विकणारी आहे, जी सध्या माझ्या ओठांवरून मला छळते. माझे ओठ हल्ली जांभळट दिसतात, तर म्हणते, "बासिलिया, आपी विकतेस कमी आणि ढोसतेस जास्त." जांभळ्या मक्याचं आपी जन्मभर ढवळल्यावर ओठ काय गुलाबी राहणार? पातेलं आता तिचा नवरा उचलून देतो. मला उचलता येतं, पण त्यालाही काही काम हवं ना.

तुला आठवतं का, तुझी आई शिवणकामाला ब्युनोस आयर्सला गेली तेव्हा तू माझ्या गाड्याखाली पोत्यावर बसायचीस? मला वाटायचं ही साखर चोरते. तू चोरायचीस रुफिनोच्या टोपलीतले मेलेले प्रोसेसर. त्याने ते अंड्यांच्या पुठ्ठ्यात मांडलेले असायचे, प्रत्येक खळग्यात एक. तू डोळ्याच्या रेषेत धरून उन्हाकडे बघायचीस, एखादी पिन वाकलेली दिसली की इंजेक्शनच्या पोकळ सुईत ती अलगद घेऊन सरळ करायचीस, जीभ बाहेर काढून, आणि त्यातले काही परत जिवंत व्हायचे. एक दिवस तू मला म्हणालीस, "आजी, हे दोघं एकाच नावाचे, एकाच कारखान्यातले. पण हा कमी व्होल्टेजवर पळतो, आणि त्या दुसऱ्याला जास्त पाजलं तरी तो धापा टाकतो." तुला वाटलं मी थक्क होईन. मी कशाला थक्क होऊ? माझी बहीण आणि मी एकाच आईच्या. ती डोंगर चढून यायची आणि नाचायला जायची, मी खालीच बसून शिव्या द्यायची.

मेमरी निवडायला मात्र मी तुला शिकवलं, हे रुफिनो कबूल करत नाही. तू दोन वेगवेगळ्या पट्ट्या घेऊन आलीस, एक चपळ, एक मंद, आणि रडकुंडीला आलीस की चपळ असूनही ती मंद पट्टीच्याच चालीने चालते. मी म्हटलं, पोरी, एका पातेल्यात लहानमोठे बटाटे टाकले तर मोठा शिजेपर्यंत लहान्याने गप्प बसायचं, नाहीतर त्याचा लगदा. सारखे निवड. मग तू महिनोन्‌महिने बाजार पालथा घातलास आणि ही जोडी शोधलीस, एकाच खेपेतली, एकाच पोटची. रुफिनो म्हणतोय, पट्ट्यांवरच्या चिप कुणाच्या आहेत ते त्याने भिंगातून ओळखून दिलं होतं. बरं, लिही तेही. लिहिलंस? आता पुढे.

आणि तो दिवस, तुझं मशीन पहिल्यांदा चालू झालं तो! मी धरणीमातेला, पाचामामाला, पहिला घोट द्यायला दारूची बाटली घेऊन आले. आपल्याकडे नवी गाडी असो, नवं घर असो, शिंपडल्याशिवाय कुणी वापरतं का? आणि तू त्या उघड्या डब्यासमोर हात पसरून उभी, जशी काही मी पोराला बुडवायलाच आले आहे. "आजी, आत नाही! आत नाही!" शेवटी मी डब्याच्या पायांवर शिंपडलं, चारही कोपऱ्यांत, आणि एक थेंब तुझ्या कपाळावर. पाचामामाला चाललं. तिला वायरीतलं कळत नाही, पण माझ्यासारखंच, प्रेमाचं कळतं.

मग सुरू झाला तुझा तो खिडकीचा हट्ट. प्रोसेसर एक पायरी चढवायचा, परीक्षा लावायची, बंद पडला तर व्होल्टेज थोडं वाढवायचं, नाहीतर पायरी उतरायची. मग मेमरीचे आकडे, मागितल्यावर तिने किती ठोके थांबून उत्तर द्यायचं ते. मला समजावताना तू म्हणालीस, "आजी, गिऱ्हाईकाने पेला मागितला की तू किती वेळात हातात देतेस, तेच हे." मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण आहे त्यावर आहे. तू हसलीस आणि आकडे आणखी आवळलेस. आणि हे सगळं खिडकी सताड उघडी ठेवून! आपल्या आल्तोच्या पठारावरचा वारा, बाहेर कुत्री गोळा होऊन झोपलेली, डोंगरावर बर्फ, आणि घरात मी दोन शाली, एक घोंगडी आणि टोपी घालून. मी ओरडले, "मला मारतेस का?" तू म्हणालीस, "आजी, फुकटचा गारवा आहे, याच्याएवढा चांगला पंखा कुठल्या दुकानात मिळतो?"

तिथेच तुझी चूक झाली, आणि ती आपल्याच माणसाच्या हातून होऊ शकते. खालच्या पोराला कधी सुचली नसती, त्याच्या खिडकीतून गरम वाफच येते. तू मशीन आपल्या गारठ्यात जुळवलंस आणि बसमध्ये घालून घामाच्या गावात नेलंस. तिथे हॉल माणसांनी भरलेला, शेजारी ग्राफिक्स कार्ड भट्टीसारखं तापलेलं, आणि त्याला खेटून ही बिचारी जोडी, तू आवळलेल्या आकड्यांत. गोंधळली. रुफिनो गप्प बसत नाहीये, म्हणतोय लिहायलाच हवं, की चार हजार मीटरवरची हवा विरळ असते, खरं तर ती उष्णता कमीच वाहून नेते, फक्त आपली थंडी ते झाकून टाकते. लिहिलं त्याने, आता समाधान झालं असेल. मला एवढंच कळतं की इथे पाणी लवकर उकळतं आणि बटाटा उशिरा शिजतो. माझी बहीण खालच्या रानात राहायला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी आपल्या अंदाजाने बटाटे उकडले आणि त्यांची खीर झाली. तिने बटाटे फेकले, पातेलं नाही फेकलं. आणि घरी तर मुळीच परत आली नाही.

काय करायचं ते तुला माहीत आहे. फोनवर रडता रडता तूच म्हणालीस, "एक पायरी उतरवली, आकडे थोडे सैल केले आणि पट्ट्यांवर एक छोटा पंखा लावला तर चालेल, आजी, पण सगळ्यांसमोर बंद पडलं ना!" पडलं. मग? तू त्याला बंद पाडून पाडूनच तर शिकवलंस. माझ्या घरात ते इतक्या वेळा बंद पडलं की मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावायला निघाले होते. तेव्हा तू एकदाही म्हणाली नाहीस की आता मी आपी विकते.

जरा थांबले होते. रुफिनोने तेवढ्यात पातेलं चाटून पुसून स्वच्छ केलं. त्याला वाटतं मी शब्द शोधतेय.

बातम्या ऐक. या वर्षीची आलासिताची जत्रा छान भरली. भर दुपारी धूप घेऊन मीही गेले, चढावर दोनदा बसले, माणसं बघत बघत. तुला आठवतं, एका वर्षी मी तुझ्यासाठी आगपेटीएवढा कॉम्प्युटर घेतला होता, आणि वर्ष संपायच्या आत तुझा खरा उभा राहिला? वर्षात जे हवं त्याचं इवलंसं रूप घ्यायचं, मनापासून. या वेळी मी एक पिटुकली सूटकेस घेतली. खरे कडी-कोयंडे, खरा पट्टा. विकणारी म्हणाली, "आजी, नात परत येऊ दे म्हणून ना?" मी म्हटलं, तू धूप दाखव, चौकशा करू नकोस. ती सूटकेस पुडक्याच्या तळाशी आहे. तुला वाटलं असेल, आजी बोलावतेय.

नाही, बाळा. आता कारण ऐक, आणि बसून ऐक. दवाखान्यातली ती डॉक्टर, आपल्याच भाषेत बोलणारी, तिने माझे ओठ बघितले, नखं बघितली, बोटातून रक्त काढलं. म्हणाली, "आजी, हे आपीमुळे नाही. इतकी वर्षं या विरळ हवेशी झटता झटता तुमचं रक्त दाट झालंय." एकदा थोडं काढून टाकलं त्यांनी, चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. ती म्हणाली, "याचं औषध एकच, खाली राहायला जा. फिरायला नाही, कायमचं." मी फोन केला नाही तो याच्यासाठी. तू शब्दांआधी माझी धाप ऐकली असतीस आणि पुढच्या बसने वर आली असतीस, आणि मग आपण दोघी इथे खिडकी लावून बसलो असतो, तू माझ्याकडे बघत, मी तुझ्याकडे. तुझी जोडी तिथे गुदमरली, इथे ठणठणीत आहे. माझं बरोबर उलटं आहे. तेव्हा योसेलिन, सूटकेस माझी आहे. तू तिथेच राहा, पट्ट्या परत बसव, आकडे सैल कर, सोमवारी नेलिदाबाईंकडे जा, आणि एक खोली बघ जिच्यात दोन खाटा मावतील आणि जिला खिडकी असेल, गरम वाफेची का होईना. कार्निव्हल संपला की रुफिनो मला बसमध्ये बसवून देईल. तो आत्ता लिहिता लिहिता नाक ओढतोय, तेही त्याला लिहायला लावलंय. पातेलं मी आणणारच. तिथे गरम आपी कुणी पीत नसेल तर बर्फ टाकून पाजू त्या कप्तानाला. आणि मला एकदम पळवू नकोस, एक एक पायरी चढव, दिवसभर बघ, अडखळले तर उतरव. तुझा हात या कामात चांगला बसलेला आहे, म्हणून तर कुणा डॉक्टरच्या नाही, तुझ्या हवाली होतेय.

तुझीच, अजून निळी न पडलेली,
आजी बासिलिया

खाली अंगठा माझा आहे. तो जांभळा दिसतोय ते शाईमुळे, घाबरू नकोस.