तुम्ही आवाज घेतलाच नव्हता

आप्पा, परवा नागावला तुमचा सिनेमा दाखवला. आताची मुलं शॉर्ट फिल्म म्हणतात, पण तुम्ही सिनेमाच म्हणायचात, म्हणून मीही तेच म्हणते. नारळीच्या वाडीत दोन झाडांच्या मधे पांढरा पडदा ताणला होता. खाली सतरंज्या, पुढे लहान मुलं, मागे त्यांचे आईबाप, आणि सगळ्यांच्या मागे खुर्चीवर आई, गुडघ्यांवर शाल टाकून. सुट्टीला समुद्रावर आलेली कुटुंबं आणि गावातली मुलं एकत्र बसून डोंगरदऱ्यांचे, पक्ष्यांचे, भटकंतीचे छोटे सिनेमे बघतात, असा हा कार्यक्रम तिथल्या काही तरुण पोरापोरींनी सुरू केला आहे. मला भाषणाला बोलावलं, कारण खाडीकाठची झाडं तोडून भराव टाकणाऱ्यांविरुद्ध मी जिल्हाभर ओरडत फिरते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातली एक मुलगी फोनवर फार अदबीने म्हणाली, "मॅडम, पाचच मिनिटं बोला हां. लहान मुलं आहेत, घाबरतील." तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

त्या मुलीने सहज विचारलं, तुमच्या भागातलं जुनं काही चित्रीकरण आहे का. मी आधी नाही म्हणाले. मग तळा गावातल्या आपल्या घरातली पत्र्याची पेटी आठवली, तुमचा कॅमेरा आणि त्यातली कॅसेट आठवली, आणि त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. सिनेमा नव्हे. त्या कॅसेटमध्ये तुमचा आवाज असणार, ही.

तुमचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही, आप्पा. तुम्ही गेलात तेव्हा मी अलिबागला कॉलेजात होते. मोबाइलवर बोलणं साठवून ठेवण्याचे ते दिवस नव्हते. काकाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तुम्ही पंगतीत जिलेबी वाढताना दिसता, वाकून कोणाला तरी काही म्हणता, तोही हसतो, पण वर बँड वाजत असतो. माझं प्रत्येक भाषण कोणी ना कोणी मोबाइलवर घेतं, माझं खोकणंसुद्धा लोकांकडे जमा आहे. आणि ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं त्याचा एक शब्द शिल्लक नाही. म्हणून त्या कॅसेटसाठी मी वेड्यासारखी तळ्याला धावले. आई म्हणाली, "येवढी घाई तर ते असताना कवा केली न्हाय."

तुमचे रविवार मला दिसतात. वस्तीतल्या समाजमंदिराची फरशी आम्ही पोरींनी पुसलेली आहे. शाळेचा टीव्ही तुम्ही हेडमास्तरांच्या परवानगीने, चादरीत गुंडाळून, एखाद्या आजारी माणसाला आणावं तसा आणला आहे. तालुक्याहून मिळालेल्या कॅसेटमध्ये बर्फाच्या कड्यावर दोर लावून चढणारी माणसं असतात, होडी घेऊन नदीतून निघालेली दोन भावंडं असतात, चोचीने घरटं विणणारा पक्षी असतो. आत कोणीतरी जाड आवाजाचा माणूस इंग्रजीत सारखा बोलत असतो. पहिल्याच रविवारी तुम्ही पुढे झालात आणि आवाज शून्यावर नेलात. मागून एक म्हातारे ओरडले, "मास्तर, बिगाडला काय?" तुम्ही म्हणालात, "बिघडला नाही बाबा. तो बोलत राहिला तर ही पोरं गप बसतील. म्हणून त्यालाच गप बसवला."

आणि मग तुम्ही पडद्याच्या बाजूला उभे राहून बोलायचात. बोलायचात म्हणजे विचारायचात. आता हा कुठे जाईल? दोर तुटला तर? पिल्लाची आई कुठे आहे, दिसते का कोणाला? उत्तर तुम्ही कधीच दिलं नाहीत, पुष्कळदा तुम्हाला ते येतही नसे. एकदा समुद्राच्या खडकावर काळं, गुळगुळीत, मिशावालं जनावर आलं. "गुरुजी, ह्ये काय हाय?" "मला काय माहीत? मी तरी कुठे बघितलंय? तुम्हीच नाव द्या." पोरांनी भांडून भांडून त्याला पाणरेडा ठरवलं. पुढे कॉलेजच्या वर्गात मी सीलला बिनदिक्कत पाणरेडा म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मला लाज वाटली नाही. आम्ही एका जनावराचं बारसं केलं होतं. हसणाऱ्यांपैकी कोणी केलं होतं?

माझी तुमच्याशी झालेली सगळ्यात मोठी लढाईही या डोंगरांवरून, साहसांवरूनच झाली. कॉलेजला जाऊन चार पुस्तकं वाचून मी सुट्टीत घरी आले होते. डोकं नुसतं पेटलेलं. तुम्ही रविवारी वस्तीतल्या मुलांना कुड्याच्या लेण्यांच्या डोंगरावर न्यायला निघाला होतात. मी दारातच आडवी आले. म्हणाले, आप्पा, हे साहस वगैरे पोट भरलेल्या लोकांचे खेळ आहेत. आजी जन्मभर डोंगर चढली, लाकडाच्या मोळ्या आणायला. तिला कोणी गिर्यारोहक म्हटलं? आपल्या पोरांना पुस्तकं द्या, डोंगर कसले दाखवता? आई चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तुम्ही चिडला नाहीत. चपलेचा अंगठा सारखा करत म्हणालात, "म्हणूनच नेतो. तुझी आजी चढली तेव्हा डोक्यावर मोळी होती. तिला मान वर करता आली नाही. तो डोंगर आयुष्यभर चढून तिने तो बघितला नाही. ही पोरं रिकाम्या डोक्याने चढू देत." आणि निघता निघता, "तुझंही डोकं जरा रिकामं कर. चल." मी रागाने नाही म्हणाले आणि दहा पावलांवर तुम्हाला गाठलं. ते वाक्य मी आजवर किती सभांत वापरलंय. दरवेळी टाळ्या पडतात, दरवेळी सांगते की ते माझं नाही.

सिनेमा मात्र त्याच्याही आधीचा, मी शाळेत असतानाचा. आखातातून परतलेल्या तुमच्या शाळासोबत्याने जुना कॅमेरा तुम्हाला देऊन टाकला होता. तुम्ही म्हणालात, दुसऱ्यांचे डोंगर पुष्कळ बघितले, आता आपला बघू. एका रविवारी आम्ही सगळी मुलं त्याच लेण्यांच्या वाटेने वर गेलो, तुम्ही मागून कॅमेरा घेऊन. पुढच्या रविवारी समाजमंदिरात टीव्हीवर आम्हीच होतो. वस्तीतली माणसं दाराबाहेर उभी राहून बघत होती. आपली पोरं, आपली वाट, आपली खाडी टीव्हीवर. तेव्हाही तुम्ही बाजूला उभे राहून विचारत होतात आणि पोरं ओरडत होती.

अलिबागला जुन्या लग्नांच्या कॅसेट नव्या करून देणारं एक दुकान आहे. कॅमेरा आणि कॅसेट तिथे दिली. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला आणि मी हातातलं काम टाकून गेले. त्याने चित्र लावलं. वाट, करवंदीच्या जाळ्या, पोरांच्या पाठी. रंग थोडे उडालेले, पण सगळं स्वच्छ. मी म्हटलं, आवाज वाढवा. तो म्हणाला, "वाढवलेलाच आहे, ताई." मी म्हटलं, खराब झाला असेल, दुरुस्त करा, काय लागेल ते देते. तेव्हा त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. त्याच्या कुशीतल्या भोकात इअरफोनची पिन खोचलेली होती, वायर बोटभर ठेवून कापलेली. "खराब नाही झालेला. आवाज घेतलाच नव्हता. ही पिन असली की कॅमेऱ्याला वाटतं बाहेरचा माइक लावलाय, मग तो स्वतःचे कान बंद करून बसतो. चुकून राहिली असेल."

चुकून नव्हती राहिली. त्या दुकानात, लोकांच्या लग्नांच्या ढिगाऱ्यात उभी असताना मला ती पिन आठवली. डोंगराच्या पायथ्याशी मी तुम्हाला विचारलं होतं, ही कशाला? आणि तुम्ही म्हणाला होतात, "याला पहिल्यापासूनच गप बसायची सवय लावतो."

मी चिडले, आप्पा. मेलेल्या माणसावर चिडता येतं, आणि ते फार वाईट असतं, कारण समोरून कोणी चपलेचा अंगठा सारखा करत उत्तर देत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप बसवलं त्यांच्या पोरांनी बोलावं म्हणून तुम्ही यंत्राचं तोंड बंद केलंत, हे मला पटतं. उद्या कोणी याविरुद्ध बोललं तर मी माइक हिसकावून घेऊन तुमची बाजू मांडेन. पण एक वाक्य राहू द्यायचं होतं. एक हाक. "पोरींनो, जपून" एवढंसुद्धा चाललं असतं. रिक्षात बसून मी रडले आणि रिक्षावाला मला आरशात बघत राहिला.

नागावच्या मुलांना मी सांगितलं की आवाज नाही. ती मुलगी म्हणाली, "मग आम्ही छान बासरी टाकू का, मॅडम?" मी इतकी भडकले की बिचारी दोन पावलं मागे सरली. मग तिचा हात धरून म्हटलं, बासरी नको बाळा, मी बोलेन. मला वाटलं, तुमची जागा मी घेईन. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?

आधी इतरांचे सिनेमे झाले. चांगले होते, खोटं कशाला बोलू. एका मुलाने आणि त्याच्या वडिलांनी खाडीतून होडी वल्हवत बगळ्यांची वसाहत टिपली होती. पण प्रत्येक सिनेमात कोणीतरी गोड आवाजात सगळं समजावून सांगत होतं, आणि पुढची मुलं शांत बसून कुरमुरे खात होती. मग तुमचा लागला. मी पडद्याच्या बाजूला उभी राहिले. सुरुवात जमली. ही वाट कुठे जाते? या झुडपाला काय लागतं? कोणीतरी "करवंदं!" म्हणून ओरडलं. आणि मग, सिनेमा निम्म्यावर आल्यावर, पुढे चालणारी एक मुलगी वळते. दोन वेण्या, फ्रॉकच्या ओच्यात करवंदं, पाठीमागे खाली चमकणारी खाडी. ती थेट कॅमेऱ्याकडे बघते, म्हणजे तुमच्याकडे. तुम्ही काहीतरी विचारलेलं असतं. ती ऐकते, डोळे बारीक करते, आणि सगळं तोंड उघडून, हात वर करून, जीव तोडून उत्तर देते. मग हसते.

ती मी आहे, आप्पा. आणि तुम्ही काय विचारलंत ते मला आठवलं नाही. मी काय उत्तर दिलं तेही नाही. दुकानात हे बघितलं तेव्हा वाटलं होतं, कार्यक्रमापर्यंत आठवेल. नाही आठवलं. हजारो माणसांपुढे न अडखळणारी तुमची मुलगी पंचवीस-तीस पोरांपुढे माइक धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली. "ती काय बोलत्ये?" मग तिच्याच शेजारचा म्हणाला, "तिला साप दिसला." "साप दिसला तर हसंल का कोण, येड्या?" "तिला भूक लागलीय." "ती बोलत्ये, मी पयली आले!" सगळी वाडी ओरडायला लागली. आईबापसुद्धा. तुम्हाला हवं होतं अगदी तसं. आणि मी पडद्याआड जाऊन नारळाच्या बुंध्याला टेकले.

परत येताना गाडीत आईला विचारलं, काय विचारलं असेल गं त्यांनी? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मला काय ठावं? मी खाली घरी व्हते, तुमच्या सगल्यांच्या भाकऱ्या थापीत. मला कुठं न्हेलं व्हतं कवा त्या डोंगरावर." मग तीच म्हणाली, "खाडी चांगली दिसते वरून." तुम्हीच सांगा, याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

हे पत्र मी तुमच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवणार आहे. पिन काढून टाकली आहे. कॅमेरा आता चालू होत नाही, तरी काढली.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही. मी सभांत म्हणते, माझा आवाज माझ्या वडिलांचा आहे, आणि लोक उठून टाळ्या वाजवतात. तुमचे शब्द माझ्याकडे आहेत, मोळीचे, पिनेचे, पाणरेड्याचे, सगळे. पण मी डोळे मिटून ते ऐकायला जाते तेव्हा, आप्पा, ते सगळे माझ्याच आवाजात ऐकू येतात. तुमचा कसा होता ते मी विसरले आहे.