सचिनची पिसं फुलली नाहीत

मंगळवार, संध्याकाळ. अष्टमी.

आज पुलावर त्या प्रसादने पुन्हा बाइक आडवी घातली. सचिनचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, जिच्याशी लग्न ठरलंय तिच्या गल्लीतला हा. सायलेन्सर काढलेली बाइक जागच्या जागी गुरगुरवत होता, आणि नजर सगळी तिच्यावर. मी आणि ती सचिनच्या मागे उभ्या होतो. सचिन बाइकला वळसा घालून आम्हाला घेऊन पुढे चालू लागला.

घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "जो गुरगुरतो तो काय करत नाय गो." खरं असेल. आमचे कोंबडेही मानेची पिसं फुलवून एकमेकांभोवती फिरतात, आणि बहुतेकदा त्यातला एक मुकाट निघून जातो. त्या पिसांची मला भीती वाटत नाही. पण सचिनची पिसं फुललीच नाहीत. घाबरला होता का? चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही.

जेवायला बोलवायला गेले, तर मागच्या दारी कोयत्याला धार लावत बसलेला.

"आता कशाला रे?"

"नारळ सोलायचे हायत."

मी "बरं" म्हणून आत आले. का आले? घरात एकही नारळ नाही.