पाणी कोणी सोडलं?

वर्धा स्टेशन, नोव्हेंबर १९७४

ती. बाबांस,
शामलाचा नमस्कार.

दिवाळीच्या सुटीत आई आणि मी मामांकडे मुंबई पाहायला जातो, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. अलिबागच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मी अर्ज केला होता, हे लपवलं. आता नेमणुकीचं पत्र आलं आहे.

परवा, सुटीच्या शेवटच्या दिवशी, आईला ते गाव दाखवायला नेलं. वाटभर तिचं एकच, "आपल्या कुहीत शाळा नाहीत का वं? इतक्या दूर काहून?"

सकाळी समुद्र तिथल्या पाण्यातल्या किल्ल्याच्या भिंतीला लागला होता. शाळा पाहून दुपारी आलो, तर किल्ल्यापर्यंत नुसती ओली वाळू. आईनं शिंपल्या वेचणाऱ्या बाईला विचारलं, "पाणी कोणी सोडलं वं? आपल्या तलावासारखं धानाले पाह्यजे होतं का?"

बाई हसली. "कोण सोडतंय? आपसूक जातं, नि आपसूक येतं."

आईला ते पटेना. ती तिथंच वाळूत बसली आणि मलाही हलू देईना. उन्हं उतरल्यावर पाणी सरकत सरकत तिच्या पायांपर्यंत आलं. लुगडं सावरत ती उठली.

"न बोलावता आलं. तू बी येशील ना उन्हाळ्यात?"

"येईन."

"मंग जाय."

मी तुम्हाला पत्र लिहिते म्हटलं, तर म्हणाली, "टाकू नको. तुह्या बापाले मीच सांगीन." म्हणून हे पोस्टात टाकत नाही. पण अर्ज लपवला होता, हे मात्र घरी पोचल्यावर मी स्वतः, तुमच्यासमोर बसून सांगणार आहे.

तुमची,
शामला