गच्चीवरचं पाणी

माय, मी हल्ली पाणी ओतून द्यायचं काम करतो. तुला हे कसं सांगावं कळंना, म्हणून आधीच सांगून टाकलं. इथं शहरात एका बँकेची मोठी इमारत हाय आणि तिच्यात कम्प्युटरची खोली हाय. खोली म्हणजे आपल्या तलवाड्याच्या शाळेएवढी, आणि आत माणूस एकबी न्हाई. नुसती लोखंडी कपाटं रांगेनं उभी, त्यांच्यात यंत्रं चालतात आणि चालून चालून तापतात. त्यांना गार ठेवायला फरशीखालनं थंड पाण्याचे पाइप फिरवलेत. ते पाणी यंत्रांची धग घेऊन तळघरातल्या मोठ्या मशिनीत येतं, मशिन ती धग दुसऱ्या पाण्याला देते, आणि ते दुसरं पाणी गच्चीवरच्या टॉवरमधनं खाली पडता पडता थोडं थोडं वाफ होऊन उडून जातं. मलाबी एवढंच कळतं. माझी ड्युटी गच्चीवर. टॉवरखालचा हौद भरलेला ठेवायचा, आणि त्याच्या बुडाचा एक वॉल्व जरासा उघडा ठेवायचा, म्हणजे हौदातलं जुनं पाणी बारीक धारेनं गटारीत जात राहतं. ती धार पहिल्या दिवशी बघितली आणि मी तिच्याखाली ओंजळ धरली. नितळ पाणी, माय. खालून टँकरनं आणलेलं, पंपानं वर चढवलेलं, आणि दिवसभर गटारीत.

तुझ्या घरात एकदा वापरलं म्हणून पाण्याचं काम संपलं, असं कधी झालं न्हाई. डाळ धुतलेलं शेळीला, आंघोळीचं दगडाखालनं दोडक्याच्या वेलाला, आणि भांडी तर राखेनं घासून फडक्यानं पुसायची. अजून आठवतं, मी एवढासा, तू चुलीपुढं भाकरी थापतेस, मी तांब्यातलं अर्धं पितो आणि उरलेलं अंगणात भिरकावतो. तू तशीच उठतेस, पिठाच्या हातानं माझ्या थोबाडात देतेस. "मुडद्या, तुझ्या बापानं आड खांदलाय का रं?" गालावर तुझी पाची बोटं पांढरी उमटली. मी रडत म्हणलं, तोंड धुऊ दे. तू म्हणलीस, "धुवायला पाणी कुठनं आणशील? आताच तर फेकलंस." आणि मग तूच हसत सुटलीस. मी दिवसभर तसाच गावात हिंडलो.

तर असल्या घरातला मी. मी तो वॉल्व बंद केला. कुणाला विचारलं न्हाई, सांगितलंबी न्हाई. रोज वर गेलो की कोरडं पडलेलं गटार बघायचो आणि बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या हातनं एवढं तरी वाचतंय असं वाटायचं. असं लई दिवस चाललं. मग ऐन उन्हाळ्यात एका दुपारी तळघरातली मशिन बंद पडली. वरची खोली भट्टीसारखी तापली, कपाटं एकामागं एक बंद करावी लागली, आणि गावोगावच्या शाखांत लोक चेक हातात धरून ताटकळत बसले. मशिन उघडली तर नळ्यांत पांढरा दगड बसलेला. आमचा फोरमन परभणीकडचा हाय, चिडला की त्याची बोली आपल्यासारखी होते.

"वॉल्व कुणी बंद केला बे?"

"मी, साहेब."

"कावून?"

"चांगलं पाणी गटारीत चाललं होतं."

"चांगलं! आरं, उडतंय ती नुसती वाफ. क्षार मागंच ऱ्हातो. मागचं थोडं थोडं सोडून न्हाई दिलं तर सगळा हौद खारा होतो अन् मशिनीत आसा दगुड बसतो. ह्ये धर."

त्यानं एक खपली माझ्या हातावर ठेवली. मी ती ओळखली, माय. आपल्या आंघोळीच्या हंड्याच्या बुडाला बसायची तीच, तू खरडून काढायचीस ती. मागनं कुणीतरी म्हणलं, "बीडचा हाय न्हवं, पाणी दिसलं की झाकून ठेवतो." सगळे हसले. फोरमन हसला न्हाई. म्हणला, "तुझ्यासाठी वर शब्द टाकलाय मी. पुन्हा त्यो वॉल्व बंद दिसला तर पास जमा करायचा अन् गावची एस.टी. धरायची. हितनं पुढं तूच उघडायचा, माझ्या म्होरं." मी भीत भीत विचारलं, निदान पिंपात धरून खालच्या झोपड्यांत देऊ का. तर म्हणला, त्यात औषध टाकलेलं असतं, कुणी पिलं तर तू जेलात.

आता हे काम गेलं तर पुढं काय, ते तुला सांगायला नको. ऊसतोडीला न्यायला मुकादम येतो तो माणूस मोजत न्हाई, कोयता मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. माझी बायको अजून एकदाबी उसाला गेली न्हाई, मी जाऊ दिली न्हाई. तू उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत तापानं फणफणलेली पडलीस तेव्हा बा फडातच होता, कारण ट्रक भरायचा राहिला होता, आणि मी तुझ्या उशाशी बसून नुसता चिलटं वारत होतो. तू तिथनं उठलीच न्हाईस. त्या कोपीत मला माझी बायको निजवायची न्हाई. पोरीला शाळेत घातलीय. म्हणून मी रोज वर जातो.

रविवारी गावच्या वाण्याच्या दुकानात फोन लावला, त्यानं बायकोला बोलावून आणलं. ती म्हणली, "टँकर आलाच न्हाई. आडात उतरून वाटीनं भरतोत आमी. तुमच्याकडं हाय का पाणी?" मी म्हणलं, हाय. "लई हाय?" मी म्हणलं, पुरतं. "मंग धाडा की थोडं फोनच्या तारंतनं," म्हणली आणि हसली. तिला वाटतं मी यंत्रं पुसतो. फोन ठेवून मी तसाच ड्युटीवर आलो, गच्चीवर चढलो आणि वॉल्व फिरवला. माय, मला इथनं पळून जावंसं वाटतं, पण ज्या गावाला पळायचं तिथं मुकादम बसलाय. जेवायला बसलो तरी कानात ती धार असते.

हे धाडायचं तरी कुठं, आणि तुला वाचून कोण दाखवणार, तू तर अंगठ्याची. पण एक सांगायचं राहिलं. फोरमन म्हणला होता, वॉल्व पाव आटा उघडला तरी बास. आता त्याचा भरवसा बसलाय, तो बघायलाबी येत न्हाई. तरी मी अर्धा उघडतो. कुणाला बंद दिसू नये म्हणून.